फाइल घरी ठेवून पुणे

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील साठी ओलांडलेल्या कोणालाही विचारून पाहा, “पुण्याला शेवटचे कधी गेला होता?” उत्तर तारखेने येत नाही, आजाराने येते. “मोतीबिंदूच्या वेळी.” “ह्यांची अँजिओग्राफी झाली तेव्हा.” “एम.आर.आय.ला गेलो होतो की, त्याच दिवशी परत आलो.” घोडनदीपासून पुणे सुमारे ६५ किलोमीटर, दौंडहून रेल्वेने सुमारे ७५. इतके जवळचे शहर, पण आपल्या भागातील वृद्धांच्या मनात त्याचा नकाशा केवळ रुग्णालयांचा उरला आहे. प्लास्टिकच्या पिशवीत अहवालांची फाइल घेतल्याशिवाय पुण्याला जाता येते, हेच आपण विसरलो आहोत.

गेली सत्तावीस वर्षे शिरूरमध्ये मी सामान्य व्यवसाय करते. पुण्याला पाठवण्याच्या चिठ्ठ्या मी शेकड्यांनी लिहिल्या आहेत. गेल्या पौषात मात्र मी घरातल्या दोघींना विनाचिठ्ठी पुण्याला नेले. एक माझ्या सासूबाई, वय ७९, पंचवीस वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, गुडघे झिजलेले. दुसरी त्यांची धाकटी बहीण, दौंडच्या मावशी, वय ७२. मावशींना स्वतःला काहीही झालेले नाही, असे त्यांचे स्वतःचे मत. चार वर्षांपूर्वी काकांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून मावशी दौंडच्या घराबाहेर पडल्या त्या किराणा, औषधे आणि एक-दोन मयती, एवढ्यापुरत्याच.

मी पुण्याचे नाव काढले तेव्हा त्या म्हणाल्या, “आगं, ह्यांना सोडून कशी येऊ? त्यांची खूण मला एकटीलाच कळती.”

आपल्यापैकी जे कोणी घरी आजाऱ्याचे करत असतील, त्यांना हे वाक्य ओळखीचे वाटेल. ते खरेही असते. परंतु खूण एकालाच कळणे ही आजाऱ्याच्या दृष्टीने धोक्याची गोष्ट आहे. उद्या करणाऱ्यालाच ताप आला, तो पाय घसरून पडला, तर काय? म्हणून आम्ही जाण्याच्या आधीच्या रविवारी रंगीत तालीम केली. मावशी दिवसभर शेजारच्या खोलीत बसल्या आणि त्यांच्या मुलाने वडिलांचे सारे केले. दर दोन तासांनी कूस बदलणे, माकडहाड व टाचांची त्वचा पाहणे, भरवताना पूर्ण बसते करणे, भरवल्यावर अर्धा तास आडवे न करणे, लघवीची पिशवी कमरेच्या पातळीखाली ठेवणे. एका कागदावर मी हे मोठ्या अक्षरांत लिहून दिले आणि मावशींनी त्याखाली काकांच्या खुणा लिहवून घेतल्या. डावा हात कपाळाला म्हणजे दिवा मालवा. हात छातीवर म्हणजे पांघरूण. दोन बोटे म्हणजे आणखी हवे. तेरा खुणा निघाल्या. मुलगा चकित झाला. त्याला चार माहीत होत्या. मावशी त्या दिवशी शेजारच्या खोलीतून अकरा वेळा उठल्या, पण आत गेल्या नाहीत.

मग जाण्याचा दिवस ठरला. मुद्दाम बुधवार, कारण शनिवार-रविवारी पुण्याच्या पेठांतील गर्दीत वृद्धांना धक्के खात चालावे लागते. हिवाळा, कारण उन्हाळ्यात हा बेत मी कोणालाच सुचवणार नाही.

पिशवीविषयी थोडे सांगते, कारण बेत बिघडतो तो बहुधा पिशवीमुळे. दिवसभराची औषधे आणि त्यावर एक दिवसाची जास्त. औषधांची नावे, मात्रा व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला एक कागद; पूर्ण फाइल नको. साखर तपासण्याचे यंत्र. साखरेची पुडी. पाणी. जुनी, पायाला सवयीची झालेली चप्पल किंवा बूट. प्रवासासाठी नवे पादत्राण घेण्याची हौस मधुमेह्यांनी करू नये. सुती मोजे दोन जोड, कारण देवळात अनवाणी जावे लागते आणि ज्यांच्या तळव्यांची जाणीव मंदावली आहे त्यांना तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही. मोजे घालून दर्शन घेतल्याने देव रागावल्याचे माझ्या व्यवसायात अद्याप आढळलेले नाही.

आणि एक गोष्ट आमच्या पिढीतील व वरच्या पिढीतील बायकांना उद्देशून. प्रवासाला निघायचे म्हणून आपण आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतो. वाटेत जागा मिळणार नाही, ही भीती खोटी नाही. पण वयाबरोबर तहान मुळातच कमी लागते. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या, त्यात कोरडे शरीर. मग उठताना चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो तो वेगळाच. पाणी सोडण्याऐवजी थांबे ठरवा. तिकीट काढून पाहायच्या ठिकाणी सहसा स्वच्छतागृह असते. पोहोचताच काय पाहायचे हे विचारण्याआधी ते कोठे आहे हे विचारा. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असाल तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आम्ही शिरूरहून साडेसातला गाडीने निघालो. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, घरीच इन्सुलिन घेऊन पोहे व अंडे खाल्ले होते. रांजणगावाला गाडीतूनच हात जोडले. दौंडहून मावशी आणि त्यांची नात रेल्वेने आल्या आणि स्टेशनवरून रिक्षाने थेट आगाखान पॅलेसला पोहोचल्या. नगर रस्त्याने पुण्यात शिरणाऱ्यांना हे ठिकाण शहराच्या तोंडाशीच लागते, जमीन सपाट आहे, झाडी आहे आणि सकाळी शांतता असते. वृद्धांच्या दिवसाची सुरुवात येथून करावी, हे माझे मत.

तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये हा राजवाडा बांधला. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई यांना येथे स्थानबद्ध केले. महादेवभाई आठवड्याच्या आत, १५ ऑगस्टला, हृदयविकाराने गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी गेल्या. दोघांच्या समाधी आवारातच आहेत.

मावशींनी विचारले, “कशानं गेल्या?”

मी सांगितले. हृदय थकलेले होते, श्वासनलिकांचा दाह होता, शेवटी न्यूमोनिया. डॉक्टर गिल्डर आणि डॉक्टर सुशीला नय्यर हे त्यांच्याबरोबर त्याच कैदेत होते. पेनिसिलिन तेव्हा अगदी नवे औषध होते. ते विमानाने मागवण्यात आले. परंतु दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला, देवदासांना, आता तिला त्रास देऊ नकोस म्हणून समजावले.

“म्हणजे आणलेलं औषध दिलंच नाही?”

“नाही.”

मावशी समाधीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. त्यांच्या मनात काय चालले असेल हे मला ठाऊक होते, कारण काकांच्या बाबतीत हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे. नळी घालायची का, कृत्रिम श्वासावर ठेवायचे का. गांधीजींनी केले ते बरोबर की चूक, हे डॉक्टर म्हणून मी सांगणार नाही. न्यूमोनियावर पेनिसिलिनने पुढे असंख्य माणसे बरी झाली आहेत. परंतु हे बोलणे अतिदक्षता विभागाच्या दारात, रात्री दोन वाजता, कागदावर सही करता करता होऊ नये. ते घरी व्हावे, आणि ज्याच्याविषयी आहे त्याला कळत असताना व्हावे. काकांना बोलता येत नाही, पण सारे कळते. त्यांना तेरा खुणा येतात. मावशी म्हणाल्या, “विचारीन त्यांना.” मी पुढे काही बोलले नाही. आम्ही झाडाखाली बसून तिळाची एकेक वडी खाल्ली आणि निघालो.

शनिवारवाडा आम्ही बाहेरूनच पाहिला. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याचा आतला लाकडी पसारा १८२८ च्या आगीत गेला; आता आत जोती, बागा आणि दगडी पायऱ्या उरल्या आहेत. दिल्ली दरवाजाचे खिळे पाहिले, नातीने फोटो काढला, पुरे झाले. पर्वतीही वगळली. तिच्या शंभरावर पायऱ्या चढताना धाप लागते म्हणून लोक घाबरतात, पण झिजलेल्या गुडघ्यांचे खरे हाल उतरताना होतात. काय वगळायचे हे सकाळीच ठरवावे. दुपारी थकल्यावर ठरवू म्हटले की “आता एवढे आलोच आहोत तर” हे वाक्य कोणीतरी उच्चारतोच.

दिवसातील सर्वात मोठा वेळ आम्ही राजा केळकर संग्रहालयाला दिला आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या वस्तूंचे हे संग्रहालय उभे केले. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात. त्यातील थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात. आणि वस्तू कोणत्या? राजेरजवाड्यांचे हिरेमाणके नव्हेत. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, शेवयांचे यंत्र, कुलुपे, दौती, वज्री, फण्या, बाहुल्या.

वज्री म्हणजे अंघोळ करताना पाय घासण्याची धातूची खडबडीत वस्तू. तिच्यावर मोर, हत्ती, घोडे बसवलेले. कपाटापाशी तीन-चार शाळकरी मुली उभ्या होत्या आणि हे खेळणे असावे असा त्यांचा तर्क चालला होता. आई त्यांना म्हणाल्या, “अगं, टाच घासायची ती. माझ्या सासूची होती, पितळेची.” मग अडकित्त्यांपाशी मावशी सुरू झाल्या. सुपारी कशी धरायची, रोठा आणि चिकणी यांत फरक काय, नवरदेवाच्या हातात अडकित्ता का देत. मुलींच्या जोडीला त्यांच्या बाईही येऊन उभ्या राहिल्या. ज्या मावशी चार वर्षे खोलीतल्या एका माणसाच्या खुणांचे भाषांतर करत होत्या, त्या आठ-दहा अनोळखी माणसांना मोठ्या आवाजात समजावून सांगत होत्या. स्मरणशक्तीसाठी मला अनेकजण गोळ्या विचारतात. विसराळूपणा सुरू झालेल्या वृद्धांनाही जुन्या वस्तू पाहून जुने आठवते, बोलावेसे वाटते. परदेशांत अशा आठवणींच्या बैठका मुद्दाम भरवतात. आपल्याकडे त्यासाठी एक माळा उघडला तरी पुरेसे असते.

संग्रहालयात मस्तानी महाल आहे. कोथरूडला मस्तानीचा महाल होता; त्याचे अवशेष आणून येथे पुन्हा उभारले आहेत. आता योगायोग पाहा. मस्तानी १७४० मध्ये गेली आणि तिची समाधी आहे आपल्या शिरूर तालुक्यात, पाबळला. या दोघी बहिणींचे माहेर पाबळच्या शिवारातले. तेथे आई आणि मावशी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या.

“आक्का, आपण तिथं चिंचा वेचायचो.”

“आणि तू भिंतीवरून पडली होतीस.”

“मी नव्हे. तू ढकललंस.”

७९ आणि ७२ वर्षांच्या त्या दोघींचे ते भांडण पुढची दहा मिनिटे चालले. मला त्या दोघींना बहिणी म्हणून पाहण्याची ती बहुधा पहिलीच वेळ. एरवी एक माझी सासू असते आणि दुसरी काकांची बायको.

तेथेच सव्वाबाराच्या सुमारास आई एकाएकी चिडल्या. नातीने हात धरला तर झिडकारला. कपाळावर घाम होता आणि माझ्या प्रश्नाला भलतेच उत्तर आले. हे स्वभावाचे लक्षण नव्हे. वृद्ध मधुमेही अचानक चिडला, गोंधळला, गप्प झाला, तर आधी साखर पाहावी. ती ६४ निघाली. सत्तरच्या खाली आली की थांबायचे नाही. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, बाकावर बसवले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ९६. मग तडक जेवायला. सकाळच्या मिश्र इन्सुलिनचा जोर दुपारच्या सुमारास असतो आणि घरी त्या वेळी त्या खुर्चीत असतात. येथे दोन तास उभ्या होत्या, चालत होत्या. म्हणून फिरण्याच्या दिवशी मध्ये अकराच्या सुमारासही काही खावे आणि दुपारचे जेवण घड्याळाने घ्यावे, भुकेने नव्हे. आणि हे लक्षात ठेवा: माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात साखर, पाणी, काहीही घालू नये; ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी सरळ रुग्णालय गाठावे.

जेवण एका साध्या खाणावळीत झाले. ज्वारीची भाकरी, पिठले, भरली वांगी, ताक. पुण्याची मिसळ खायची आईंची फार इच्छा होती, तेव्हा एक मिसळ मागवून पाच वाट्यांत वाटली. वाढप्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती खास पुणेरी होती. स्पेनमधील शहरांत लोक अशाच छोट्याछोट्या बश्या मागवतात, त्यांना तापास म्हणतात. दोन घास येथे, दोन घास तेथे, आणि संध्याकाळी म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सारे गाव पाय मोकळे करायला चौकात उतरते. दुपारी मात्र तेथेही अनेक दुकाने बंद असतात. पुण्याच्या एक ते चारच्या विश्रांतीची आपण थट्टा करतो, पण वृद्धांसाठी तो शहाणपणा आहे. आम्हीही शनिवार पेठेत एका नातलगांकडे दीड तास पाठ टेकली, पाय उशीवर उंच ठेवून. नातलग नसतील तर सारसबागेतील सावलीचा बाक चालेल. उठताना आधी बसावे, मिनिटभर थांबावे, मग उभे राहावे.

चारनंतर मंडई. १८८६ ची ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत. जिच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीरावांनी विरोध केला, तिलाच पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळाले. मावशींनी तेथे पावट्याच्या शेंगांचा भाव विचारला आणि दौंडच्या बाजारापेक्षा किती जास्त आहे ते विक्रेत्याला सुनावले. तुळशीबागेतील राममंदिरात दोघी मोजे घालून बसल्या. बाजाराच्या गल्लीत मी त्यांना नेले नाही. मग सदाशिव पेठेत मस्तानी. एक पेला, तीन वाट्या. त्यात आइस्क्रीम आणि दूध दोन्ही असते, म्हणून आईंनी दुपारी भात सोडला होता. मधुमेह्याने गोड कधीच खाऊ नये असे मी सांगत नाही. किती, केव्हा आणि कशाच्या बदल्यात, एवढे ठरलेले असावे. पाबळच्या मस्तानीचे नाव या पेल्याला का पडले याची दुकानात निश्चित माहिती मिळाली नाही. मावशींचे मत असे की ती सुंदर होती आणि ही गोड आहे, आणखी काय हवे?

स्टेशनकडे जाताना लष्कर भागात कयानी बेकरीतून श्रूजबेरी बिस्किटे घेतली. मावशींनी दिवसभरात घरी दोनदाच फोन केला. मी दहा वेळा धरले होते.

रात्री शिरूरला पोहोचल्यावर मी आईंचे तळवे दिव्याखाली पाहिले. मोज्यात एक बारीक खडा निघाला. तळव्यावर त्याचा लाल वळ उठला होता आणि दिवसभर त्यांना त्याचा पत्ता नव्हता. कातडी शाबूत होती. दोन दिवसांत वळ गेला. मधुमेह्यांनी फिरून आल्यावर झोपण्यापूर्वी हे न चुकता करावे, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून.

तीन आठवड्यांनी मावशी माझ्या दवाखान्यात आल्या, प्रथमच स्वतःसाठी. “सारखं तुम्हीच सांगता, करणाऱ्यानं स्वतःकडं बघावं म्हणून.” रक्तदाब १७०/१००, उपाशीपोटी साखर १५८. नंतरच्या तपासण्यांतही दोन्ही वाढलेलेच निघाले. दोन्हींवर आता उपचार चालू आहेत. त्यांचा मुलगा महिन्यातून एक रविवार वडिलांचे सारे करतो. त्या दिवशी मावशी भजनाला जातात किंवा नुसत्या झोपतात.

आणि ती बिस्किटे. काकांची गिळण्याची क्षमता मी तपासलेली होती. कोरडे, भुगा होणारे पदार्थ त्यांना वर्ज्य आहेत. मावशींनी त्याच रात्री त्यांना बसते केले, एक बिस्किट दुधात पुरते भिजवून मऊ केले, हनुवटी किंचित खाली धरायला सांगून चमच्याचमच्याने भरवले आणि वज्री, चिंचा, मस्तानी सारे सांगितले. बिस्किट संपले तेव्हा काकांनी डाव्या हाताची दोन बोटे वर केली. मावशींनी फोन करून मला विचारले, दुसरे देऊ का. मी म्हटले, द्या, पण पुन्हा तितकेच भिजवून.